घराबाहेर जेवायची जागा करताय? आधी स्वयंपाकघराचं दार कुठे आहे ते बघा

तुम्ही विचारलंय की ठाण्यात तळमजल्याच्या फ्लॅटमागे थोडी मोकळी जागा आहे, गच्चीही वापरायला मिळते. घरच्या सगळ्यांना बाहेर बसून जेवता यावं म्हणून यातलं काय निवडावं, टेबलखुर्च्या कोणत्या घ्याव्यात. टेबलखुर्च्या नंतर. वाढणाऱ्या बाईला कुठून कुठे चालावं लागणार, ते आधी बघा.

आमचं ऐरोलीत जुनं रो-हाउस. बाहेर जेवायचं निघालं तेव्हा मोठ्या दिरांनी परस्पर गच्ची ठरवली. पारसिकचा डोंगर दिसतो, संध्याकाळी खाडीकडून वारा येतो, हे खरंच आहे. काचेचं टेबल आलं, प्लास्टिकची हिरवळ अंथरली. आणि मी नि जाऊबाई जिने चढत-उतरत राहिलो. आमटीचं पातेलं, भात, पाणी, राहिलेलं मीठ, शेवटी खरकटं खाली. तव्यावरची भाकरी वर पोचेपर्यंत वातड. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या चढल्याच नाहीत. त्यांचं ताट खोलीत गेलं. सगळ्यांनी एकत्र जेवायचं म्हणून केलेल्या जागेत घरातल्या तिघी नव्हत्याच. मी हे त्याच रात्री बोलले. ‘कधीतरीच तर बसायचंय’ असं उत्तर मिळालं.

मग मी स्वयंपाकघरामागची जागा मागितली. दीर म्हणाले, ती धुण्याभांड्यांची जागा, तिथे पाहुणे बसवणार? हो, तिथेच. खिडकीच्या उंचीला बाहेरून कडप्प्याची फळी बसवून घेतली. पातेली आतून सरकवायची, बाहेरच्याने उचलायची. आता वाढायला मुलंही उठतात, कारण जिना नाही. भाकऱ्या करणारी आत एकटी पडत नाही, खिडकीतून गप्पा चालू असतात. मोरी मुद्दाम ठेवली, हात तिथेच धुतले जातात. सासूबाई भिंतीलगतच्या कट्ट्यावर बसतात, सगळ्यांच्या आधी.

आमची मागची बाजू पूर्वेची, त्यामुळे दुपारनंतर घराचीच सावली पडते. गच्चीचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री जेवायच्या वेळी ती उष्णता बाहेर टाकतो, मे महिन्यात पाय ठेवून बघा. पाऊस आपल्याकडे नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून पूर्वेला झडही कमी. तरी छप्पर दोन फूट पुढे काढा. साधा पत्रा नको, जोराच्या सरीत शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही. आम्ही पॉलिकार्बोनेटचं, म्हणजे कडक प्लास्टिकचं छप्पर टाकलं, उन्हाळ्यात वर हिरवी जाळी बांधतो. फरशी खरखरीत शहाबादी, मीटरला एक सेंटिमीटर उतार मोरीच्या जाळीच्या दिशेने. गुळगुळीत कोटा फरशी पावसाळ्यात शेवाळते आणि म्हातारी माणसं घसरतात.

डासांचं कुणी सांगत नाही. कुंड्यांखालच्या थाळ्यांत साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास होतो, आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून दर आठवड्याला थाळ्या पालथ्या करायच्याच. भिंतीवर पंखा लावा, वाऱ्यात डासांना नीट उडता येत नाही. बाहेरचा पंखा-दिवा आरसीसीबीवर (वीज गळली की लगेच प्रवाह तोडणाऱ्या स्विचवर) घ्या, ओल्या हाताने बटणं दाबली जातात.

टेबलखुर्च्या: प्लायवूड आणि एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) बाहेर अजिबात नको, फुगतात. आपल्याकडच्या दमट हवेत नुसतं लोखंड गंजतं. ॲल्युमिनियमचं घडीचं टेबल आणि साध्या प्लास्टिकच्या खुर्च्या पुरतात. उरलेले पैसे फरशी आणि उतारावर घाला.

गच्ची वाईट असं नाही. कोजागिरीला आम्ही वरच जातो, कारण तेव्हा दुधाचं एकच पातेलं वर न्यायचं असतं. तुमचं स्वयंपाकघर मागच्या जागेला लागून नसेल तर माझं निम्मं सांगणं तुम्हाला लागू नाही. आणि पक्कं छप्पर टाकण्याआधी सोसायटीचं लेखी पत्र घ्या, महापालिकेची परवानगी लागते का तेही विचारा. इमारतीभोवतीची सोडलेली जागा तळमजल्यावाल्याची आपोआप होत नाही, आणि बांधलेलं पाडायला लागलं तर पैसे गेलेच.

दीर अजून म्हणतात की गच्चीवर शोभा होती. जेवायला मात्र ते खालीच बसतात, आणि जाऊबाई त्यांच्या शेजारी बसून गरम भाकरी खातात. तुमच्या घरी जी स्वयंपाक करते तिला आज विचारा, सुताराला उद्या.