लॉटरी लागली, तालमीच्या टीमला पंधरा लाख देऊ का?

पत्र आलंय कोल्हापूरहून, थोडं आटोपशीर करून देते. (तिकडं तालीम म्हणजे नुसता आखाडा नाही, पेठेतलं मंडळ, आणि त्याची फुटबॉल टीम असते.)

"ताई, मी ४४ वर्षांचा, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत सुपरवायझर आहे. गेल्या महिन्यात लॉटरीच्या बंपरला ४० लाखांचं बक्षीस लागलं. आमच्या तालमीची फुटबॉल टीम लई अडचणीत आहे, मागच्या सीझनला खालच्या गटात जाता जाता वाचली, खेळाच्या साहित्याचं दुकान आणि बाहेरच्या प्लेअरच्या रूमचं भाडं मिळून साडेचार लाख उधारी आहे. माझे वडील याच टीमचे गोलकीपर, मी पण ह्याच जर्सीत खेळलो. अध्यक्ष म्हणतात तू १५ लाख गुंतव, दोन आफ्रिकन प्लेअर आणि एक गोव्याचा आणू, यंदा ट्रॉफी मारली की स्पॉन्सर लागतील, मग तुझे पैसे परत, आणि तुला कार्याध्यक्ष करतो. मी मीटिंगमध्ये हो म्हणून बसलोय. बायको तेव्हापासनं कामापुरतं बोलते. घराचं नऊ लाख लोन आहे, मुलगी बारावी सायन्सला. तिकीट माझ्या पैशाचं होतं, तरी घरात चोरासारखं वाटतंय. काय करू?"

दादा, आधी मनापासून अभिनंदन. माझं माहेर मंगळवार पेठ, त्यामुळे तुम्ही कशात अडकलाय ते मला वेगळं समजावून सांगायला नको. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींची मॅच असली की शाहू स्टेडियमच्या आजूबाजूला गाडी लावायला जागा मिळत नाही, आणि पोरगं चालायला लागलं की त्याला कुठल्या तालमीचं ते आधी शिकवतात. तेव्हा "फुटबॉल म्हणजे काय एवढं" असं मी म्हणणार नाही. तुमच्या वडिलांनी ज्या गोलपोस्टखाली उभं राहून अंगावर बॉल घेतले ती टीम बुडताना बघवत नाही हे खरंय आणि त्यात लाजण्यासारखं काहीच नाही.

पण १५ लाख देऊ नका.

का ते सांगते. अध्यक्षांनी "गुंतव" म्हटलं आणि तुम्हीही पत्रात तसंच लिहिलंत, पण तालमीत पैसे गुंतवायची सोयच नसते हो. तालीम मंडळ म्हणजे बहुतेक वेळा धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली संस्था, तिला शेअर नाहीत, मालक नाही, नफा वाटायचा प्रश्नच येत नाही. तुम्ही दिलेले पैसे एक तर देणगी होतात नाहीतर उसने, मधलं काही नाही. आणि उसने म्हणाल तर ट्रस्टला कर्ज घ्यायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, ती तुमच्या अध्यक्षांनी घेतलीय का? वीस हजार किंवा त्याच्या वरची उसनवारी रोखीनं करता येत नाही हे तरी कुणी बोललं का मीटिंगमध्ये? मला वाटतं नाही, कारण तिथं सगळे तुमच्या तोंडाकडं बघत होते. म्हणजे "मग तुझे पैसे परत" हा नुसता शब्द आहे, आणि अध्यक्ष माणूस कितीही सरळ असला तरी उद्या बॉडी बदलली की नवीन बॉडी म्हणणार आम्हाला काय माहीत, तेव्हा तुम्ही कुठला कागद दाखवणार?

बरं ट्रॉफी मारली असं धरून चालू. तालमीला उत्पन्न काय? वर्गणी, एखादा स्पॉन्सर, कुणा नगरसेवकाची देणगी आणि जिंकली तर बक्षिसाची रक्कम. यातनं १५ लाख परत कुठनं येणार? ते दोन आफ्रिकन आणि गोव्याचा प्लेअर सीझन संपला की आपापल्या वाटेनं जाणार, पुढच्या वर्षी परत तेवढेच पैसे लागणार आणि तेव्हा सगळ्यांना पहिल्यांदा तुम्हीच आठवणार. मोठ्यांची गत काय झाली बघा. महिंद्रा युनायटेडनं २००६ मध्ये नॅशनल लीग जिंकली, मागं एवढी मोठी कंपनी, तरी पुढच्या पाचेक वर्षांत टीम बंद केली. एफसी पुणे सिटी २०१४ ला आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीगबरोबर सुरू झाली आणि २०१९ ला पैशाच्या अडचणीत संपली. ज्यांच्याकडं कोटी होते त्यांना जमलं नाही, तुमच्याकडं तर आयुष्यात एकदा आलेले काही लाख आहेत.

आणि ते ४० नाहीत बरं का. लॉटरीच्या बक्षिसावर सरळ ३० टक्के टॅक्स, वर ४ टक्के सेस, म्हणजे ३१.२ टक्के, त्यात स्लॅबची सूट नाही की तिकिटांचा खर्च वजा नाही. बक्षीस देतानाच १२ लाख टीडीएस कापून २८ लाख हातात येतात, आणि बहुतेक लोक इथंच फसतात, कारण सेसचे ४८ हजार त्यात धरलेले नसतात, ते तुम्हाला स्वतः भरायचेत. सीएला विचारून अ‍ॅडव्हान्स टॅक्समध्ये भरून टाका. म्हणजे खरे तुमचे झाले साडेसत्तावीस लाख, आणि त्यातनं १५ म्हणजे निम्म्याहून जास्त. वहिनींनी हा हिशेब केला असणार, बोलल्या नसतील एवढंच.

तुम्ही जसं सांगितलंय त्यावरनं मी एक वाटणी मांडते, कमीजास्त तुम्ही दोघं बसून करा. नऊ लाखांचं लोन फेडा. फ्लोटिंग रेटचं होम लोन असेल तर वेळेआधी फेडल्याबद्दल बँक दंड लावू शकत नाही, आणि बँकेत ठेवलेले घराचे मूळ कागद आठवणीनं परत घ्या. सहा लाख लेकीच्या शिक्षणाला वेगळे ठेवा, बारावीनंतर इंजिनिअरिंग असो नाहीतर फार्मसी, पहिल्या वर्षाची फी, हॉस्टेल, लॅपटॉप म्हणेपर्यंत पैसे कसे जातात ते घरात पोरगं असलेल्याला माहीत आहे. उरले साडेबारा. त्यातले दहा लाख एफडीत टाका, दोघांच्या नावानं, आणि एकाच बँकेत नको, कारण ठेवीचा विमा एका बँकेत माणशी पाच लाखांपर्यंतच असतो. आणि हात जोडून सांगते, एखादी पतसंस्था दोन टक्के जास्त देते म्हणून तिकडं वळू नका, पतसंस्थेच्या ठेवीला तो विमा नसतो, आपल्या भागात किती म्हाताऱ्या माणसांचे पैसे असे अडकलेत ते तुम्ही पाहिलं असेलच.

आता तालीम. या दहा लाखांवर साडेसहा टक्के धरले तरी वर्षाला ६५ हजार व्याज येतं. मुद्दलाला हात लावायचा नाही, आणि हे व्याज, टॅक्स जाऊन जे राहील ते, दर वर्षी तालमीच्या बारक्या पोरांच्या टीमला द्यायचं. सीनियर टीमला नाही, बाहेरच्या प्लेअरच्या मानधनाला तर अजिबात नाही. अंडर-१३ ची पंचवीस पोरं धरा, त्यांना चार नंबरचे दहा-बारा चांगले बॉल लागतात, कोन, बिब्ज, दोन छोटे गोल, आणि मुख्य म्हणजे रोज पहाटे येणारा कोच. तुमच्याच तालमीत गुडघा गेल्यामुळं बसलेला एखादा जुना प्लेअर असेलच की, त्याला एआयएफएफच्या (भारतीय फुटबॉल महासंघाच्या) डी लायसन्सचा, म्हणजे कोचिंगचा कोर्स करायला लावा, त्याची फी भरा आणि महिन्याला थोडंफार मानधन ठरवा. ६५ हजारात सगळं मावणार नाही पण सुरुवात नीट होईल, आणि मुख्य म्हणजे हे पैसे पुढच्या वर्षीही येतील, त्याच्या पुढच्या वर्षीही येतील. १५ लाख एका सीझनला जळून जातात हो, मे-जूनपर्यंत हातात राहतो एखादा ग्रुप फोटो.

मला हे मनापासून वाटतं की कोल्हापूरच्या फुटबॉलला आज बाहेरच्या प्लेअरची नाही, घरच्या पोरांवर पैसा लावणाऱ्याची गरज आहे. २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपला भारताकडनं खेळलेला अनिकेत जाधव आपला कोल्हापूरचाच. असली पोरं प्रत्येक पेठेत असतात, पण फाटक्या बुटांनी खेळून दहावीला आली की घरचे खेळ बंद करतात, आणि आपण स्टँडमध्ये बसून भाड्याच्या स्ट्रायकरच्या नावानं बोंबलतो. तुमच्या वडिलांच्या वेळी टीममध्ये सगळी गल्लीतलीच पोरं होती की नाही, आठवा.

तुमच्यासारखाच एक माणूस स्कॉटलंडमध्ये होऊन गेला, कॉलिन वेअर. २०११ मध्ये त्याला आणि त्याच्या बायकोला युरोमिलियन्सची १६१ मिलियन पौंडांची लॉटरी लागली, तेव्हाच्या भावानं हजार कोटींच्या वर. तो ग्लासगोच्या पार्टिक थिसल या छोट्या क्लबचा जुना फॅन. एवढा पैसा असून त्यानं स्टार प्लेअर विकत आणले नाहीत, क्लबच्या युथ अकॅडमीला पैसे दिले. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये क्लबचे ५५ टक्के शेअर घेतले ते सुद्धा फॅन्सच्या हातात द्यायचे म्हणून, आणि डिसेंबरमध्ये तो वारला. नंतर ते शेअर नेमके कुणाकडं जावेत यावरनं फॅन्समध्ये बराच काळ वाद चालला. त्याच्याकडं वकील होते, कंपनी होती, तरी ही गत. म्हणून तुमच्या ६५ हजारांचाही कागद करा: पैसे चेकनं तालमीच्या खात्यात, पावती घ्यायची, ही रक्कम फक्त ज्युनिअर टीमसाठी असा ठराव मीटिंगच्या प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्यायचा, आणि पुढच्या वर्षीचे पैसे आधीच्या वर्षाचा ऑडिट झालेला हिशेब बघूनच. हे मागितलं म्हणून कुणी नाराज झालं तर होऊ दे, तो नाराज झालेलाच बरा.

साडेचार लाख उधारीचं काय? ती तुमची नाही. दुकानदाराला तालमीनं हप्ते बांधून द्यावेत, सगळ्या माजी प्लेअरनी मिळून वर्गणी काढावी. त्यात तुम्ही तुमचा वाटा घाला, पंचवीस हजार, पन्नास हजार, दुसऱ्या कुणा जुन्या प्लेअरनं घातले असते तेवढे. कार्याध्यक्षपद मात्र आत्ता घेऊ नका. पैशाबरोबर आलेलं पद असलं की तुम्ही हिशेब विचारूच शकत नाही, सह्या मात्र तुमच्या लागतात.

आणि वहिनी. दादा, "तिकीट माझ्या पैशाचं" हे वाक्य घरात परत काढू नका. तुमचा पगार गेली इतकी वर्षं ज्या घरात पुरवून पुरवून वापरला गेला त्या घरातनंच त्या तिकिटाचे पैसे गेले ना? त्या फुटबॉलवर चिडलेल्या नाहीत असं मला वाटतं, पेठेत नांदायला आलेल्या बाईला फुटबॉल पहिल्या वर्षीच पचवावा लागतो. गल्लीतल्या चाळीस माणसांना त्यांच्या आधी कळलं, तुम्ही त्यांना न विचारता भर मीटिंगमध्ये हो म्हणालात, हे लागलंय. चोरासारखं वाटतंय ते त्याच्यामुळंच. आज रात्री जेवणं झाली की पासबुक आणि लोनचं स्टेटमेंट घेऊन बसा, पहिलं वाक्य "मी तुला विचारायला हवं होतं" असं म्हणा, आणि मग गप्प राहून त्यांना बोलू द्या, त्यात जुनं काही निघालं तरी ऐका. उरलेल्या अडीच लाखांतनं तालमीच्या उधारीतला तुमचा वाटा आणि अडीनडीचे बाजूला काढा, बाकीचं काय करायचं ते त्यांना ठरवू द्या. लेकीलाही बोलवा, ती मोठी झालीय.

अध्यक्षांना फोनवर नकार देऊ नका, घरी जा. "घरात बसून हिशेब केला, १५ लाख जमत नाहीत, पण पोरांच्या टीमची जबाबदारी दर वर्षी घेतो" एवढं सरळ सांगा. बायको नको म्हणते असं चुकूनसुद्धा म्हणू नका, नाहीतर उद्या भाजी आणायला गेल्या तरी लोक त्यांनाच ऐकवतील. मीटिंगमध्ये हो म्हणालात ते उत्साहात, आणि असा शब्द वेळेत मागं घेणं सीझनच्या मध्यात पैसे आटण्यापेक्षा टीमसाठीही बरं. प्लेअरचे करार व्हायच्या आत सांगा, म्हणजे याच आठवड्यात.