ऑटोच्या मागे येणारी आई

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात आणि त्यानंतर महिना-दीड महिना माझा फोन थांबत नाही. वाक्य जवळपास एकच असतं : "मॅडम, शाळेची वेळ झाली की याचं पोट दुखते. डॉक्टर म्हणतात, काहीच नाही. नाटकं करून राहिला का हा?"

नागपूरच्या धरमपेठेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एकोणीस वर्षांत हा प्रश्न किती वेळा आला, मोजणं सोडलं. उत्तर मात्र ठाम आहे. नाटक नाही. भीती वाटली की शरीर पळायच्या किंवा लढायच्या तयारीला लागतं, रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं, पचन मंदावतं, पोटात कळ येते, मळमळतं. दुखणं खरं असतं, फक्त त्याचं मूळ पोटात नसतं. दुखण्याने मूल रात्री झोपेतून उठत असेल, वजन घटत असेल, ताप किंवा शौचातून रक्त जात असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञच. पण रविवारी संध्याकाळी सुरू होऊन सुट्टीत नाहीसं होणारं दुखणं वेगळ्या दिशेने बोट दाखवतं. अशा वेळी शाळेत कोणी छळत नाही ना, हे मी सर्वात आधी विचारते. ते असेल तर भीती योग्यच आहे आणि बदलायला शाळेला हवं.

वेदांतच्या बाबतीत तसं काही नव्हतं. (नाव आणि काही तपशील बदलले आहेत.) मानेवाड्याचा, चौथीतला, नऊ वर्षांचा. एप्रिलच्या उन्हात शाळेच्या ऑटोत त्याला उलटी झाली, मुलं हसली. जुलैपासून रोज सकाळी सहाला पोट.

वडील पहिल्याच दिवशी म्हणाले, "आमच्या वेळी असं काही नव्हतं. एक ठेवून दिली की सरळ होते."

आई आधी काही बोलली नाही. पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "माझ्याच लाडाने झालं हे, असं सगळे म्हणतात."

इथे मला थांबावंच लागतं. लाडाने भीती जन्मत नाही. काही मुलांचा स्वभावच सावध असतो, आणि सावध मुलाची आई त्याला जपते. पण त्या जपण्यातून भीतीला खतपाणी मिळत जातं, ते घरातल्या कुणाच्या लक्षात येत नाही.

मी त्यांना एक काम दिलं. वेदांतला भीती वाटू नये म्हणून घर जे जे करतं ते सगळं लिहून आणा. पुढच्या आठवड्यात वहीत अकरा गोष्टी होत्या. दूध अर्धा कपच. खिशात ओवा. दप्तरात पिशवी. ऑटोवाल्या काकांच्या शेजारची जागा. "उलटी नाही होणार ना?" ला रोज पंधरा-वीस वेळा "नाही रे राजा". आजी मीठ-मिरच्या ओवाळणार. आणि शेवटी, आई स्कूटरवर ऑटोच्या मागोमाग, मानेवाडा चौक, तुकडोजी पुतळा, मेडिकल चौक, थेट शाळेच्या गेटपर्यंत.

"तुम्ही मागे जाता, त्यातून त्याला काय कळत असेल, ताई?"

"की मी आहे."

वेदांत कोपऱ्यात चित्र काढत बसला होता. मी त्यालाच विचारलं, "आई मागे दिसली की काय वाटते रे?"

त्याने मान वर केली नाही. "की आज पण काहीतरी होणार आहे."

खोलीत पंख्याचा तेवढा आवाज. आईने वडिलांकडे पाहिलं आणि वडिलांनी पहिल्यांदाच मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. पुढे अनेक बैठका झाल्या, पण माझ्या मते उपचार त्या वाक्यापाशी सुरू झाला. आईची स्कूटर त्याला रोज सांगत होती की धोका मोठा आहे आणि तू एकटा पुरणार नाहीस. आई प्रेम पाठवत होती, मुलगा इशारा वाचत होता.

सुरुवातीची काही वर्षं मी मुलाला आत घेत असे आणि आईवडिलांना बाहेर बाकावर बसवत असे. ती चूक होती. येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांच्या गटाने चिंतेचा त्रास असलेल्या ७ ते १४ वर्षांच्या १२४ मुलांवर केलेला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. काही मुलांवर थेट उपचार झाले, बाकीच्यांच्या फक्त पालकांना बारा आठवडे मार्गदर्शन मिळालं. दोन्हीकडची सुधारणा तोडीस तोड निघाली. तो वाचला तेव्हा समाधान वाटलं, कारण त्याच्या किती तरी आधी मी तो बाक आत घेतला होता.

विचारांची माझी बैठक मात्र अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची, त्यांनी १९५५ पासून मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीची. 'उलटी होताच कामा नये' हा हट्ट सोडून 'झाली तर वाईट वाटेल, पण सोसता येईल' इथवर यायचं. आणि हे आधी आईवडिलांनी म्हणायला शिकायचं असतं. मी त्यांना एकच वाक्य दिलं : "तुला भीती वाटते हे मला कळते, आणि तुला ते झेपेल याची मला खात्री आहे." वडिलांना पहिला अर्धा जड गेला, आईला दुसरा. दोन्ही अर्धे एकत्रच लागतात. नुसती माया दिली तर मूल चिकटतं, नुसता धीर दिला तर एकटं पडतं.

अकरा गोष्टी एकदम काढायच्या नाहीत. एकच निवडायची, आणि ती आधी मुलाला सांगायची, संध्याकाळी, शांतपणे, सकाळच्या घाईत कधीच नाही. शिक्षा म्हणून तर अजिबात नाही. पहिल्या आठवड्यात रडणं वाढतं. आपलं चुकलं असं वाटून बहुतेक घरं तिथेच माघार घेतात, आणि मुलाला कळतं की जास्त रडलं तर जमतं.

आई आधी मेडिकल चौकापर्यंतच गेली. आठ दिवसांनी तुकडोजी पुतळ्यापर्यंत. मग मानेवाडा चौक. मग घराचं फाटक. मधे एकदा ती चौकातून पुन्हा पुढे गेली आणि मला फोन करून रडली. मी म्हटलं, उद्या परत चौक. वेदांत तोवर "नाही होणार ना?" विचारल्यावर उत्तराची वाट न पाहता बूट घालायला लागला होता.

दिवाळीनंतर एका सकाळी आईचा फोन आला. ऑटोत उलटी झाली होती, खरोखरची. काकांनी ऑटो बाजूला घेतली, चूळ भरायला पाणी दिलं, आणि आईला कळवलं.

"मग तुम्ही?"

"गाडीची किल्ली हातात घेतली होती, मॅडम. काका म्हणाले, तो म्हणतो शाळेतच जातो. मग परत खिळ्याला अडकवली."

साडेबाराला तो घरी आला. भूक लागली म्हणाला.