एका ओळीत चुंबक का बनत नाही?

प्रश्न: आयझिंग मॉडेलचं (चुंबकाचं साधं गणिती रूप, ज्यात प्रत्येक स्पिन म्हणजे वर किंवा खाली तोंड केलेला छोटा चुंबक, शेजारी एकाच दिशेला असले की ऊर्जा कमी) सिम्युलेशन करून बघतोय. स्पिन एका लांब ओळीत ठेवले तर निरपेक्ष शून्याच्या वर कुठल्याच तापमानाला चुंबकत्व टिकत नाही म्हणतात, पण चौकोनी जाळीत टिकतं. शेजाऱ्यांमधला जोर दोन्हीकडे सारखाच, मग फरक कशाने पडतो? आणि माझ्या २० बाय २० च्या जाळीत चुंबकत्व एकदम न जाता हळूहळू का उतरतं?

उत्तर: मस्त प्रश्न! सगळा खेळ स्पिनची एकजूट मोडायला ऊर्जेचा खर्च किती येतो याचा आहे. ओळीतले सगळे स्पिन वर आहेत असं धरा, आता मधल्या कुठल्याही जागेपासून पुढचे सगळे खाली फिरवा, बिघडली किती तर एकच जोडी, ऊर्जा वाढली २ जे (जे म्हणजे जोडीचा जोर), मग ओळ हजाराची असो नाहीतर कोटीची. मोडायच्या जागा मात्र ओळ वाढेल तशा वाढत जातात, म्हणजे एंट्रॉपी (किती प्रकारे मांडणी होऊ शकते त्याचं माप) वाढतच राहते आणि शेवटी तीच जिंकते.

जाळीत तसं होत नाही. तिथे उलट्या स्पिनचं एक बेट करायचं तर त्याच्या अख्ख्या काठावरच्या जोड्या बिघडतात, काठ जितका लांब तितका खर्च जास्त. असा काठ वाकडातिकडा काढायचे प्रकारही लांबीबरोबर वाढतात हे खरं, दर पावलाला फार तर ३ दिशा. म्हणजे ऊर्जा आणि एंट्रॉपी दोन्ही काठाच्या लांबीच्याच प्रमाणात, त्यामुळे कोण जिंकणार ते तापमान ठरवतं! भौतिकशास्त्रज्ञ पायर्ल्सने १९३६ मध्ये मांडलेला हा युक्तिवाद मला या विषयातला सगळ्यात सुंदर वाटतो, कारण ना मोठं गणित ना कॉम्प्युटर. ३ दिशा धरून ढोबळ हिशोब केला तर चुंबकत्व मोडायचं तापमान १.८२ च्या आसपास येतं (जे भागिले बोल्ट्झमन स्थिरांक, म्हणजे तापमानाला ऊर्जेशी जोडणारा आकडा, या एककात), आणि ऑन्सागरने १९४४ मध्ये काढलेलं अचूक उत्तर आहे २.२६९. खुद्द आयझिंगने फक्त ओळ सोडवली आणि तीन मितींतही काही होणार नाही असा निष्कर्ष काढला, तो चुकला.

आता तुमची २० बाय २०. मर्यादित स्पिन असले की पार्टिशन फंक्शन (ज्यातून चुंबकत्वासारख्या सरासऱ्या निघतात) म्हणजे मर्यादित संख्येच्या गुळगुळीत पदांची बेरीज, ती गुळगुळीतच राहणार, खरा टोकदार बदल फक्त अनंत जाळीत. त्यामुळे एकाच साइझवर विसंबू नका, १०, २०, ४० असं करून बघा. चुंबकत्वाच्या चौथ्या घाताची सरासरी काढा, तिला वर्गाच्या सरासरीच्या वर्गाने भागा आणि तापमानासमोर ग्राफ काढा, वेगवेगळ्या साइझच्या रेषा २.२७ जवळ एकमेकींना छेदतील. चुंबकत्वाचा ग्राफ काढताना मात्र चिन्ह सोडून फक्त किंमत घ्या, नाहीतर लहान जाळी अख्खी उलटते आणि सरासरी उगाच शून्याकडे जाते. त्या तापमानाजवळ एकेक स्पिन फिरवणं फार रटाळ होतं, तिथे वुल्फची पद्धत वापरा, ती अख्खा गटच एकदम उलटवते.