मोत माउलीचा नवस

चिऊ,

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, आपल्याकडे गणपती बसतो, मग आजीने चर्चमधल्या मोत माउलीला मेणाचा पाय कसा वाहिला? आपण ख्रिश्चन आहोत का?" तेव्हा नुसता हसलो. आज मस्कतला सुट्टी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

ख्रिश्चन नाही गं. आजीचा गुडघा दुखतो, म्हणून तिने नवस केला, एवढंच. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी तिची, म्हणजे वांद्र्याच्या माउंट मेरीची, जत्रा सुरू झाली की तिथे मेणाचे हात, पाय, घरं, बाळंसुद्धा विकायला असतात. ज्याचं जे अडलंय ते त्याने वाहावं. विकणारी बाई जात-धर्म विचारत नाही, फक्त सुटे पैसे मागते. माउलीची मूर्ती कोळ्याला समुद्रात सापडली, अशी गोष्ट सांगतात. त्यामुळे आजीच्या लेखी कोळ्यांची एकवीरा आणि ती बहिणी-बहिणीच.

आणि हे आम्ही कोणी मोठ्या मनाने वगैरे करत नव्हतो. मजा यायची म्हणून करायचो. माझ्या वर्गात एक बेने इस्राएल मुलगा होता. धर्माने ज्यू, आडनाव आपल्यासारखंच 'कर'वालं, आणि घरात अस्सल मराठी. यांचे पूर्वज कोकणात तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. मस्जिद बंदरला त्यांचं १७९६ सालचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, आहे, कधीतरी दाखवीन. त्याच्याकडे मलिदा, म्हणजे त्यांची प्रार्थना आणि नैवेद्य, असला की मी न बोलावता हजर! भिजवलेले पोहे, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, आणि ताटात फळं, खजूर. आधी हिब्रूत प्रार्थना व्हायची. मला त्यातलं अक्षर कळायचं नाही. डोळे मिटायचे, पण एक डोळा खजुरावर. त्याची आई पुटपुटायची, "मेल्या, थांब की जरा." ती शिवी अगदी आपल्या आजीच्या तोंडची.

सगळं असंच गोड होतं असं मात्र समजू नकोस. १९९२-९३ च्या दंगलीत याच मुंबईत शेजाऱ्याने शेजाऱ्याला घाबरावं असे दिवस आले होते. ते तू मोठी झालीस की सांगेन.

इथे माझ्या खोलीत एक मल्याळी आहे, एक नेपाळी. भांडण होतं ते फक्त एसीवरून. मल्याळ्याची मासळीची आमटी खाल्ल्यापासून मी स्वयंपाकाची पाळी त्याच्याच गळ्यात टाकतो.

डिसेंबरात येतोय, माहीमच्या दर्ग्याच्या उरुसाला जाऊ. पहिली चादर पोलीस ठाण्यातून निघते, ती बघायला लवकर निघायचं. मग रेतीवरचा मोठा पाळणा. आजीला तेवढं आधी सांगू नकोस, ती स्वेटर आणि कानटोपी काढून ठेवील.

तुझा,
बाबा