जुन्या फियाटच्या फ्लोअरला खालून कोणते कोटिंग लावावे आणि आतून काय घालावे?

आपण विचारले आहे की, १९७० च्या दशकातील फियाटचा फ्लोअर जागोजागी नवा पत्रा जोडून दुरुस्त केल्यावर खालून अँटिरस्ट म्हणून काय लावावे, आत उष्णता आणि आवाज यांसाठी काय अंथरावे, आणि गॅरेजवाला सुचवतो तो जाड काळा डांबरी थर पुरेसा आहे का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. पुरेसा तर नाहीच. उघड्या किंवा गंजलेल्या पत्र्यावर थेट मारलेला डांबरी थर काहीच न लावण्यापेक्षा वाईट असतो. बडोद्यातील आमच्या घरात हे वाक्य मी इतक्या वेळा उच्चारले आहे की, कोणी विचारल्यावर ते लिहिण्याचा मोह आवरत नाही.

आमच्याकडे वडिलांची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे भारतात बनलेली फियाटच, आहे. वडिलांनंतर तिची देखभाल माझ्या काकांनी केली आणि त्याबद्दल त्यांच्याविषयी मला आदरच आहे. परंतु फ्लोअरच्या बाबतीत त्यांचे एकच शास्त्र होते, ते म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर गाडी उचलायची, पाण्याचा फवारा मारायचा आणि जुन्या थरावर नवा काळा थर चढवायचा. खालून पाहणाऱ्याला तो फ्लोअर काळाकुळकुळीत आणि अखंड दिसे. ३१ जुलै २०१९ रोजी बडोद्यात एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा आमच्या गल्लीत दाराच्या उंबऱ्यापर्यंत पाणी चढले आणि गाडी त्यात रात्रभर उभी राहिली. पाणी ओसरल्यावर मेकॅनिकने खाली वाकून पाहिले आणि फ्लोअर ठणठणीत असल्याचा निर्वाळा दिला. मी मात्र सीट काढून मॅट उचलण्याचा हट्ट धरला. रबरी मॅटखाली भिजलेला नमदा होता, नमद्याखाली कंपनीची मूळ डांबरी शीट होती, आणि ती उचलताच पत्र्याचे गंजलेले पापुद्रे तिच्याबरोबर वर आले. चालकाच्या पायाशी स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो पत्र्यातून आरपार गेला आणि खालच्या काळ्या थराला जाऊन अडला.

यावर काका म्हणाले, "बघ, कोट होता म्हणून टिकला!" हे ते आजही म्हणतात. एवढा गंज एका रात्रीच्या पाण्याने येत नाही, तो पुढच्या काचेच्या आणि दारांच्या सुकलेल्या रबरांतून वर्षानुवर्षे झिरपलेल्या पाण्याचा असतो, हे त्यांना पटत नाही. फियाट आणि पद्मिनी या गाड्यांना स्वतंत्र चासी, म्हणजे खालची वेगळी लोखंडी चौकट, नाही. फ्लोअर, दोन्ही बाजूंचे सिल (दारांखालच्या पोकळ पट्ट्या) आणि मधला बोगदा मिळूनच गाडीचा सांगाडा होतो आणि सीट त्याच पत्र्याला बोल्टने आवळलेली असते. अशा पत्र्याची जागा डांबराने घेतलेली असताना तो टिकला असे म्हणणे मला कधीच मान्य होणार नाही.

डांबराची अडचण अशी की ते वयानुसार कडक होते, दगड लागून किंवा जॅक टेकून त्याला चीर पडते, चिरेतून शिरलेले पाणी थराच्या मागे पसरते आणि मग वाळण्यासाठी त्याला वाटच उरत नाही. वरून थर जितका जाड, तितका आतला गंज उशिरा दिसतो. जुन्या गाड्यांच्या शौकिनांचे लक्षही वरच असते. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारात जुन्या गाड्यांचे मोठे प्रदर्शन भरले होते. अशा ठिकाणी लोक बोनेट आणि क्रोम न्याहाळतात, गुडघे टेकून फ्लोअर पाहणारा एखादाच.

आता आपल्या पत्र्याविषयी. जुना थर पूर्ण खरवडून पत्रा उघडा करावा आणि खडबडीत पॉलिश पेपरने घासून, थिनरने पुसून त्यावर दोन घटकांचा, म्हणजे हार्डनर मिसळून लावायचा, इपॉक्सी प्रायमर दोन हातांत द्यावा. आपल्याकडे सर्रास मारला जाणारा साधा रेड ऑक्साइड ओलावा आत जाऊ देतो. त्याच्या भरवशावर फ्लोअर सोडू नये. रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंजाला स्थिर थरात बदलणारे आम्लयुक्त द्रावण, फक्त पातळ, घट्ट चिकटलेल्या गंजावर काम करते, पापुद्र्यांवर नाही. त्यातील आम्ल धुऊन न काढता वर इपॉक्सी मारल्यास ती नीट धरत नाही. सांध्यांना पॉलियुरेथेन सीलंट लावावे, तेही इपॉक्सीनंतर, म्हणजे सीलंटखाली उघडा पत्रा राहणार नाही. सिलच्या पोकळीत रंगाचा हात पोहोचत नाही, तेथे नळीने कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत पसरणारे गंजरोधक मेण, सोडावे.

हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात करावे. हवेत ८५ टक्क्यांहून अधिक आर्द्रता असताना, किंवा पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे दव होते त्यापेक्षा) किमान ३ अंशांनी अधिक नसताना रंग मारू नये, असा रंगकामातील सर्वमान्य नियम आहे. काकांचा पावसाळ्याच्या तोंडावरचा मुहूर्त त्यात बसत नाही, एवढे येथे नमूद करतो.

आतल्या बाजूविषयी थोडक्यात लिहितो. पत्र्याचा थरथराट थांबवणे आणि उष्णता अडवणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यासाठी ॲल्युमिनियमचा पापुद्रा असलेली ब्यूटाइल रबराची शीट सपाट, वाजणाऱ्या भागांवर तुकड्यांनी लावली तरी चालते. संपूर्ण फ्लोअर मढवण्याची गरज नाही. छताची गळती थांबवण्यासाठी मिळणारी डांबरी पट्टी स्वस्त म्हणून घेऊ नये, बडोद्याच्या उन्हाळ्यात ती मऊ पडते आणि गाडीभर वास सुटतो. उष्णतेसाठी बंद पेशींचा नायट्राइल किंवा पॉलिथिलीन फोम घ्यावा, कारण तो पाणी शोषत नाही. स्पंज, गोणपाट आणि नमदा शोषतात, म्हणून मूळ नमद्याचा हट्ट असल्यास निदान तो उचलता येईल असा, न चिकटवता ठेवावा. चमकदार पापुद्र्यासमोर हवेची फट असेल तरच तो उष्णता परतवतो. फोम आणि पत्रा यांच्यामध्ये दाबून बसवल्यास त्याचा उपयोग नाही.

एक गोष्ट मात्र काकांच्या बाजूने लिहिणे भाग आहे. गाडी रोज खडीच्या रस्त्यावर चालणार असेल तर इपॉक्सी पूर्ण वाळल्यावर चाकांच्या कमानींत आणि चाकांमागच्या भागावर दगडांचा मार सोसणारा रबरयुक्त थर द्यायला हरकत नाही, तोही पातळ. फवारणीपूर्वी सायलेन्सर, प्रोपेलर शाफ्ट, हँडब्रेकची केबल आणि ब्रेकच्या नळ्यांचे जोड झाकून घ्यावेत. पॉलियुरेथेन रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असते, त्यामुळे फवारताना साध्या कापडी रुमालावर भागवू नये. आणि अजून वेल्डिंग बाकी असेल तर पेट्रोलची नळी सोडवून, आतली डांबरी शीट उचलूनच ते करावे, कारण ती पेट घेते.

फ्लोअरमधील पाणी निघण्याची भोके कोणत्याही थराखाली बुजवू नयेत. त्यांची रबरी बुचे नवी घ्यावीत. काचेचे आणि दारांचे रबर बदलण्याचा खर्च कोटिंगच्या आधी करावा, नाहीतर वर लिहिलेले सारे लावूनही पहिल्या पावसात मॅटखाली पाणी सापडेल.