गळणारी बोट : पाणी आतून भरून बघा

प्रश्न : पुराच्या वेळी लागते म्हणून आमच्या मंडळाने बारा फुटी अ‍ॅल्युमिनियमची, रिव्हेट मारलेली बोट ठेवली आहे. तासाभरात मागच्या बाजूला बादलीभर पाणी साचतं. आतून सिलिकोन लावून झालं, उपयोग नाही. गळती नेमकी शोधायची कशी?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : पाणी उताराकडे धावतं, त्यामुळे जिथे साचतं तिथेच भोक असेल असं नाही. बोट पाण्यात सोडून तळ न्याहाळत बसण्यापेक्षा (विश्वामित्री नदीत तर मगरींमुळे नकोच) तपासणी उलटी करा. बोट टायरवर किंवा ओंडक्यांवर चार-पाच ठिकाणी टेकवा, पाणी काढायच्या भोकाचं बूच घट्ट लावा आणि आत चार बोटं पाणी भरा. काठोकाठ भरलीत तर वजन टनावर जाईल आणि तळ वाकेल. बाहेरचा पत्रा कोरडा पुसून थेंब दिसेल तिथे मार्करने खूण करा. एकदा पुढून, एकदा मागून उचला आणि थोडी हलवा; काही रिव्हेट पत्रा वाकला तरच गळतात. बुचाची चकती आणि इंजिनाच्या फळीचे बोल्ट आधी बघा.

सैल रिव्हेटला लेप नको. एकाने बाहेरच्या डोक्यावर जड लोखंडी ठोकळा दाबून धरावा, दुसऱ्याने आतलं शेपूट हातोडीने बसवावं. भोक मोठं झालं असेल तर रिव्हेट काढून एक माप मोठा, भरीव अ‍ॅल्युमिनियमचाच घाला. साधा पॉप रिव्हेट मधून पोकळ असतो, तो पुन्हा गळेल; आतून हात पोचत नसेल तर बंद टोकाचा घ्या. तांबं-पितळ वापरू नका, ओलाव्यात त्याच्याभोवतीचा अ‍ॅल्युमिनियम खाल्ला जातो.

आता ते सिलिकोन. व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकोनमधून ॲसिड सुटतं, ते पत्र्याला वाईट. शिवाय त्याच्या थरावर दुसरं काही धरत नाही. सगळं खरवडा, पॉलिश पेपर मारा, ॲसिटोनने पुसा आणि लगेच बाहेरून सांध्यात मरीन पॉलियुरेथेन सीलंट भरा. उशीर केलात तर पत्र्यावर पुन्हा ऑक्साइड चढतो. नळाची मळून लावायची पुट्टी टणक होते, पत्रा लवला की तडकते.

चीर असेल तर तिच्या दोन्ही टोकांना ३ मिमी भोक पाडा, म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग गोल कोपऱ्यांचं ठिगळ सीलंटवर रिव्हेट करा. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारच्या सांध्यांतलं सीलंट जळतं.

सीलंट ट्यूबवर लिहिलंय तितके दिवस वाळू द्या आणि त्याच खुणांवर पुन्हा चार बोटं पाणी भरून बघा.