नारळात कोलेस्टेरॉल नसतं, मग रोज हुमण (नारळाच्या वाटणाची गोव्याची माशांची आमटी) खाऊन एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) कसा वाढतो?

नारळात कोलेस्टेरॉल नसतं, हे खरंच. पण रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल आपलं शरीरच तयार करतं. खोबऱ्यातल्या संपृक्त चरबीमुळे यकृताच्या पेशींवरचे एलडीएल उचलणारे रिसेप्टर (त्याला पकडून आत घेणारी प्रथिनं) मंदावतात. मग एलडीएल रक्तातच फिरत राहतो आणि वर्षानुवर्षं धमन्यांच्या भिंतींत साचतो. या रिसेप्टरच्या शोधासाठी ब्राउन आणि गोल्डस्टीन या अमेरिकी शास्त्रज्ञांना १९८५चं नोबेल मिळालं.

हुमण बंद करा, असं म्हापशात राहून मी तरी सांगणार नाही (घरी जेवण मिळायचं नाही!). वाटणात नारळ निम्मा करा, बांगडा तळण्यापेक्षा हुमणात घाला. एलडीएल १९० मिग्रॅ/डेसिलिटर किंवा त्याहून जास्त असेल, तर मात्र दोष आनुवंशिक असू शकतो. डॉक्टरांना दाखवा, भावंडांचंही रक्त तपासून घ्या.